ठेचा, बाम आणि दाताचं इंजेक्शन: दुखण्याबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या अंकात मी डेव्हिड ज्युलियस यांच्या संशोधनावर लिहिलं होतं. ज्यांचा अंक हुकला त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. ज्युलियस हे सॅन फ्रान्सिस्कोमधल्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले, आणि मिरचीतलं कॅप्सेसिन हाताशी धरून त्यांच्या लॅबनं १९९७ मध्ये मज्जातंतूंवरचा असा एक चॅनल (पेशीच्या आवरणातलं दारच म्हणा) शोधून काढला जो मिरचीनंही उघडतो आणि चटक्यानंही. २०२१ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल त्यांना आणि आर्डेम पटापुटियन यांना मिळून मिळालं. एवढंच लिहिलं होतं, पण पत्रं आणि मेल धरून असा गठ्ठा आलाय की टेबलावर चहाचा कप ठेवायला जागा नाहीये. निम्म्या पत्रांत संशोधन कमी आणि स्वतःचं दुखणं जास्त, ते साहजिकच आहे म्हणा. फक्त एक सांगते, मी मेडिकल कॉलेजात फिजिओलॉजी शिकवते, दवाखाना चालवत नाही. त्यामुळे कुठली गोळी घेऊ ते विचारू नका, का दुखतं ते विचारा.

ठेचा कुटला की रात्रभर हातांची आग होते. बघायला जावं तर लाल नाही, फोड नाही, काही नाही. सासूबाई म्हणतात मनाचे खेळ. खरं काय? (एक वाचक, कोल्हापूर)

आग खरी, चटका खोटा. सासूबाईंना हे उत्तर दाखवा पण जरा जपून.

गंमत अशी की मिरची भाजत नाही हे सगळ्यांना माहीत होतं, पण मग भाजल्यासारखं का वाटतं याचा पत्ता नव्हता. आपल्या कण्याच्या दोन्ही अंगांना, मणक्यांच्या फटींत, संवेदना वाहून आणणाऱ्या पेशींची छोटी छोटी गाठोडी असतात. ज्युलियस यांच्या लॅबमध्ये मायकेल कॅटरिना आणि मंडळींनी उंदरांच्या अशा पेशी घेतल्या, त्यांच्यात जी जी जनुकं चालू असतात त्यांच्या प्रती काढल्या, आणि ज्या पेशींना मिरचीचं सुखदुःख काहीच नाही अशा लॅबमध्ये वाढवलेल्या पेशींत त्या हजारोंच्या गठ्ठ्यांनी घातल्या. मग वरून कॅप्सेसिन सोडायचं आणि मायक्रोस्कोपला डोळा लावून बसायचं. पेशीत आधीच एक रंग भरलेला, कॅल्शियम आत शिरलं की तो चमकणार. एखादा गठ्ठा चमकला की तो फोडून लहान गठ्ठे करा, परत कॅप्सेसिन, परत बघत बसा, परत फोडा. गव्हातला एक खडा शोधायला अख्खं पोतं निवडण्यासारखं काम. शेवटी एक जनुक हाती लागलं, त्याच्यापासून बनणारा चॅनल म्हणजे टीआरपीव्ही१.

आणि मग खरी मजा आली. कोणीतरी ती पेशी गरम करून बघितली. मिरची नाही काही नाही, नुसती उष्णता, साधारण ४३ अंश, म्हणजे बादलीत हात घातल्यावर ‘अगं बाई, विसण घाल’ म्हणावं इतपत. चॅनल उघडला! म्हणजे हे दार मुळात चटक्यासाठीच केलेलं, मिरचीला त्याची चावी सापडलीय. कॅप्सेसिन चिकटलं की ते ४३ चा आकडा खाली आणतं, मग तुमच्या हाताची नेहमीची ऊबसुद्धा मेंदूला ‘भाजतंय’ म्हणून पोचते. मेंदूला निरोप त्याच वायरीवरून येतो, त्याला काय माहीत दार कोणी उघडलं. आपण तिखटानंही ‘आग झाली’ म्हणतो आणि तव्याला बोट लागलं तरी ‘आग होतेय’ म्हणतो, भाषेला हे केव्हापासूनच माहिती आहे.

आता उपाय. कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतं. आमची साताऱ्याची मावशी आधी गोडेतेल चोळायला लावायची आणि मग साबण, आम्ही हसायचो, पण बाई बरोबर होती. नुसत्या पाण्यानं धुतलं की ते पसरतं फक्त. आणि तोंड पोळलं तर पाण्याऐवजी दूध नाहीतर दही, त्यातलं प्रोटीन कॅप्सेसिनला ओढून घेतं. झणझणीत मिसळीवर गरम चहा घेणारे लोक मात्र धन्य आहेत, आधीच सताड उघडलेल्या दारावर वरून उष्णतेचा धक्का!

बाम लावला की आधी गार वाटतं, मग गरम. नक्की काय असतं त्यात? (एक वाचक, डोंबिवली)

गारव्याचा चॅनल वेगळा आहे, टीआरपीएम८. थंडीनं उघडतो आणि पुदिन्याच्या अर्कातल्या मेन्थॉलनंही. हा २००२ मध्ये ज्युलियस आणि पटापुटियन दोघांच्या लॅबनं वेगवेगळा शोधला. म्हणजे बाम लावल्यावर कपाळ गार पडत नाही हो, थर्मामीटर लावून बघा, गार पडल्याची फक्त बातमी जाते. बाकी बाममधला कापूर वगैरे मंडळी उष्णतेच्या बाजूची दारं खटखटवतात, म्हणून दोन्ही वाटतं. अमृतांजन १८९३ साली मुंबईतच सुरू झालं, म्हणजे चॅनल सापडायच्या शंभरावर वर्षं आधीपासून आपण ही दारं बोटानं चोळून उघडतोय.

याच पत्रात लोणच्याच्या फेसलेल्या मोहरीबद्दल पण विचारलंय, ती नाकात का जाते. तिचं दार तिसरं, टीआरपीए१. मोहरी फेसली की त्यातून एक उडणारं द्रव्य सुटतं, ते वाफेसारखं वर जातं म्हणून जिभेपेक्षा नाकालाच आधी झोंबतं. मिरची उडत नाही, ती जिभेवर ठाण मांडून बसते. (फोडणीत जळली की गोष्ट वेगळी, मग अख्खी बिल्डिंग खोकते.)

मी अकरावी सायन्सला आहे. चॅनल चॅनल सगळे म्हणतात पण तो दिसतो कसा, करतो काय? टीआरपी म्हणजे टीव्हीवालं का? (एक विद्यार्थिनी, नांदेड)

टीआरपी आणि चॅनल एकाच वाक्यात आल्यावर हा प्रश्न येणारच होता! नाही गं, टीव्हीचा काही संबंध नाही. हे नाव फळमाशीच्या डोळ्यांवरच्या कामातून आलंय, तिथे उजेड पडल्यावर मज्जापेशीचा सिग्नल टिकायचा नाही, क्षणभरच यायचा, त्यावरून ते पडलं, आणि पुढे या घराण्यातले सगळे चॅनल तेच आडनाव लावतात.

चॅनल म्हणजे पेशीच्या पातळ आवरणात आरपार बसलेलं एक प्रोटीन, मधे भोक, भोकाला झडप. पेशीच्या बाहेर सोडियम जास्त, आत कमी. झडप उघडली की सोडियमचे धन भार असलेले कण आत घुसतात, हजारांश सेकंदाच्या हिशोबात, तिथलं व्होल्टेज बदलतं, व्होल्टेज बदललं म्हणून शेजारचे सोडियम चॅनल उघडतात, मग त्यांच्या शेजारचे, असं करत करत निरोप पायाच्या करंगळीपासून कण्यापर्यंत जातो. हे हॉजकिन आणि हक्सले यांनी माकुळाच्या एका जाडजूड मज्जातंतूवर काम करून १९५२ मध्ये गणितासकट मांडलं. कोकणात जाशील तेव्हा बाजारात माकूल बघ आणि त्याला मनातल्या मनात नमस्कार कर. एकट्या चॅनलमधून वाहणारा करंट मोजता यायला मात्र १९७६ उजाडलं, नेहर आणि साकमन यांनी केसापेक्षा बारीक अशा काचेच्या नळीचं तोंड पेशीला चिकटवून ते केलं.

एक लक्षात ठेव म्हणजे पुढची उत्तरं सोपी जातील. टीआरपीवाले चॅनल म्हणजे दारावरच्या बेलचं बटण, आणि सोडियमचे चॅनल म्हणजे वायर. बटणं वेगवेगळी, मिरचीचं, गारव्याचं, दाबाचं. दाबाचं बटण पटापुटियन आणि बर्ट्रांड कोस्ट यांनी शोधलं, तेही असंच चिवट काम होतं, पेशीला काचेच्या सुईनं टोचायचं आणि ७२ संशयित जनुकं एकेक करून बंद करत बघायचं की कुठलं बंद केल्यावर पेशी टोचणं विसरते. त्यातून पीझो१ आणि मग त्याचा भाऊ पीझो२ सापडला.

आणि वायरीही दोन जातीच्या असतात. करंगळी पलंगाच्या पायावर आपट (नको, आठव फक्त). आधी एक सणक जाते, झटकन, आणि मग क्षणभर काहीच नाही, आपण श्वास रोखून वाट बघतो कारण माहितीये आता येणार, आणि मग तो ठणका येतो, ठुसठुसत. सणक नेणारे तंतू सेकंदाला दहा-वीस मीटरनं पळतात, ठणका नेणारे तंतू सेकंदाला साधारण एक मीटर, म्हणजे आपल्या चालण्याइतके. पायापासून कण्यापर्यंत मीटरभर अंतर धर, ती मधली सेकंदभर शांतता कुठून येते ते लक्षात येईल.

दुखणंच कळलं नाही तर किती सुख! संधिवातानं पंधरा वर्षं काढली म्हणून विचारते. असा माणूस असतो का? (एक आजी, पुणे)

आजी, असतो. पण ते ऐकून तुम्हाला संधिवात बरा वाटेल की काय अशी मला भीती आहे.

उत्तर पाकिस्तानात एक मुलगा होता, वय दहाच्या आसपास, रस्त्यावर खेळ करायचा. दंडातून सुरी आरपार घालायची, निखाऱ्यांवरून चालायचं. लोक पैसे टाकायचे. केंब्रिजचे जेफ्री वुड्स यांच्या कानावर ही गोष्ट आली आणि त्यांना तो मुलगा बघायचा होता, पण भेट झालीच नाही. चौदावा वाढदिवस आला त्या सुमाराला पोरानं घराच्या छपरावरून उडी मारली आणि तो गेला. उंचावरून उडी मारली तर लागतं हे त्याच्या अंगाला कधी कोणी शिकवलंच नव्हतं ना.

मग वुड्स आणि सहकाऱ्यांनी त्याच बिरादरीतली तीन कुटुंबं तपासली, जवळच्या नात्यात लग्नं होणारी, त्यांत अशी सहा मुलं होती. सगळ्यांच्या ओठांना नाहीतर जिभेला जखमांच्या खुणा, लहानपणी स्वतःच स्वतःला चावून घेतलेलं, काहींच्या जिभेचा शेंडाच नाही. हाडं मोडलेली कळायची ती मूल लंगडतंय म्हणून, रडतंय म्हणून नाही. आणि तरी स्पर्श कळतो, गुदगुल्या कळतात, गरम-गार कळतं. फक्त दुखत नाही. २००६ मध्ये कारण छापून आलं, सोडियमच्या एका चॅनलचं जनुक बिघडलेलं, चॅनलचं नाव नॅव्ह १.७. बेलचं बटण शाबूत, पण ठणक्याच्या वायरीतच करंट नाही. पुढे कळलं की अशा लोकांना वासही येत नाही, तिथेही तोच चॅनल लागतो.

याची दुसरी बाजू तितकीच भयंकर आहे. हाच चॅनल उलटा बिघडला, म्हणजे जरा ऊब लागली की उघडतो आणि मिटायला वेळ लावतो, तर हातापायांची सतत आग होते. पाय लाल होतात, माणसं रात्र रात्र बर्फाच्या पाण्यात पाय घालून बसतात. २००४ मध्ये चीनमधल्या संशोधकांनी या रोगाचा धागा त्याच जनुकापर्यंत नेला आणि अमेरिकेत येल विद्यापीठाच्या स्टीफन वॅक्समन यांनी त्याच्यावर वर्षानुवर्षं काम केलंय. एकाच दाराची कडी एका घरात कायमची लागलेली आणि दुसऱ्या घरात निखळलेली. मला विचाराल तर दुखण्यावरच्या सगळ्या संशोधनात याच्याइतका लख्ख पुरावा दुसरा नाही.

मग काय, नॅव्ह १.७ बंद करणारी गोळी काढा आणि मोकळे व्हा! कंपन्या काय झोपल्यात? (एक निवृत्त इंजिनिअर, नाशिक)

झोपल्या नाहीत हो, बऱ्याच जणींनी हात पोळून घेतलेत. एक तर सोडियमचे असे नऊ चॅनल आहेत आणि नऊही जण भावाभावांसारखे दिसतात. एक हृदयात, एक स्नायूंत, काही मेंदूत. १.७ बंद करायला जावं आणि हृदयातला १.५ धरला गेला तर संपलंच. दुसरं म्हणजे जन्मापासून चॅनल नसणं आणि साठाव्या वर्षी गोळीनं बंद करणं एक नाही. लंडनच्या जॉन वुड यांच्या गटानं २०१५ मध्ये दाखवलं की हा चॅनल नसेल तर शरीर स्वतःचं अफूसारखं द्रव्य जास्त बनवतं. त्यांनी अशाच एका ३९ वर्षांच्या बाईंना अफूचा परिणाम उतरवणारं नॅलोक्सोन दिलं आणि बाईंना आयुष्यात पहिल्यांदा चटका जाणवला. म्हणजे नुसती वायर तुटलेली नव्हती, घरात आतून गुंगीचं औषधही चालू होतं.

मिरचीच्या चॅनलचंही तेच झालं. टीआरपीव्ही१ बंद करणारी औषधं माणसांना दिली तर काहींना ताप चढला, पार ४० अंशांपर्यंत, कारण तो चॅनल शरीराचं तापमान राखायच्या कामातही आहे, आणि काहींना गरम पाणी भाजतंय हेच कळेना. तुम्ही इंजिनिअर आहात, एक नट काढायला गेलं की काय काय हलतं ते मी सांगायला नको.

दाताला पू झाला होता, डेंटिस्टनं तीन इंजेक्शनं दिली तरी कळ जाईना. इंजेक्शन डुप्लिकेट असेल का? (एक वाचक, मडगाव)

डुप्लिकेट असायची गरज नाही, माझ्या बाबतीतही हेच झालंय आणि खुर्चीचे हात अजून माझ्या बोटांना आठवतात. आपल्याकडे देतात ते लिग्नोकेन सोडियम चॅनल बंद करतं, पण आतल्या बाजूनं. म्हणजे आधी त्याला पेशीच्या तेलकट आवरणातून आत शिरायला हवं, आणि ते भाररहित रूपातच शिरू शकतं. पू झालेली जागा आंबट असते, आम्लधर्मी. तिथे औषधाचे बरेचसे कण भारित होतात आणि दाराबाहेरच ताटकळतात. शिवाय सुजलेल्या जागी मज्जातंतूही जास्त चिडलेले असतात. म्हणून डेंटिस्ट बऱ्याचदा सुईची जागा बदलून लांबून, मुख्य तंतूलाच गाठतात, किंवा आधी सूज उतरू देतात. एवढं मात्र डेंटिस्टला बोला की कळ जात नाहीये, आपले लोक खुर्चीत उगाच शूर होतात.

आईला नागीण होऊन गेली, फोड वाळले, पण चार महिने झाले तरी पदर लागला की कळवळते. पदरानं कोणाला दुखतं का? (एक वाचक, लातूर)

दुखतं. आणि घरातल्यांनी विश्वास ठेवला नाही की जास्तच दुखतं.

नागिणीचा विषाणू त्या मणक्याशेजारच्या गाठोड्यांतच दडून असतो, कांजिण्या झाल्यापासून. वर येताना तो तंतूंची नासधूस करतो. खराब झालेले तंतू कोणी बेल वाजवली नाही तरी निरोप पाठवत राहतात, आणि कण्यातली पेशी इतकी हळवी होते की साध्या स्पर्शाचा निरोपसुद्धा ती दुखण्याच्या खात्यात लिहिते. स्पर्शाचं ते पीझो२ आठवा. काही थोड्या लोकांत जन्मतः ते नसतं. अशांच्या हाताला कॅप्सेसिन लावून जागा हळवी केली, तरी ब्रशच्या हलक्या स्पर्शानं त्यांना दुखलं नाही, तुम्हाआम्हाला दुखलं असतं. म्हणजे पदराचं दुखणं पीझो२ च्या दारातूनच आत येतं.

यावर देतात ती गॅबापेंटिनसारखी औषधं कॅल्शियम चॅनलच्या एका भागाला चिकटतात. आणि गंमत बघा, मिरचीही इथे कामाला येते. कॅप्सेसिनचा ८ टक्क्यांचा एक पट्टा अमेरिकेत २००९ मध्ये नागिणीनंतरच्या दुखण्यासाठीच मंजूर झाला. आधी प्रचंड आग होते, म्हणून तो दवाखान्यातच लावतात, मग त्या जागेची तंतूंची टोकं जणू थकून मागे सरतात आणि काही आठवडे, कधी तीन महिने, आराम पडतो. घरी ठेचा बांधून हा प्रयोग करू नका!! मागच्या अंकानंतर एकांनी गुडघ्याला केलाय, म्हणून लिहिते. आईला चार महिने झालेत तर डॉक्टरकडे न्याच, ‘सवय होईल’ म्हणत बसू नका.

मुलगा न्यू जर्सीत आहे, तो म्हणतो तिकडे व्यसन न लागणारी नवी पेनकिलर आली. माझ्या सायटिकासाठी मागवू का? (एक वाचक, ठाणे)

तो सुझेट्रिजिनबद्दल म्हणत असणार. ३० जानेवारी २०२५ ला अमेरिकेत मंजूर झाली. नॅव्ह १.८ बंद करते, आणि १.८ मुख्यतः दुखण्याच्या तंतूंतच असतो, मेंदूत जवळजवळ नाही, म्हणून अफूच्या जातीच्या औषधांसारखी गुंगी किंवा चटक अपेक्षित नाही. चॅनलच्या संशोधनातून निघालेलं खरंखुरं औषध आहे, मला त्याचं कौतुक आहे. पण ती मंजूर झालीय ताज्या दुखण्यासाठी, म्हणजे ऑपरेशननंतरचं वगैरे. सायटिकाच्या रुग्णांवर चाचणी झाली तेव्हा गोळी घेणाऱ्यांना बरं वाटलं, आणि नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांनाही जवळपास तेवढंच वाटलं. एका गोळीची किंमत तिकडे साडेपंधरा डॉलर ठेवली होती, दिवसाला दोन. मुलाला म्हणावं त्या पैशात तिकीट काढ आणि भेटून जा.

आमचा पोपट हिरवी मिरची कचाकचा खातो आणि रडत नाही. त्याला दुखत नाही का? (इयत्ता सहावी, सावंतवाडी)

दुखतं की, चिमटा काढलास तर चावेल. त्याच्याकडेही टीआरपीव्ही१ आहे आणि गरम लागलं की तो उघडतो, पण पक्ष्यांच्या चॅनलची घडण थोडी वेगळी आहे, कॅप्सेसिन तिथे नीट बसतच नाही. ज्युलियस यांच्या लॅबनं कोंबडीचा चॅनल घेऊन हे २००२ मध्ये दाखवलं. मिरचीच्या झाडाचा यात फायदाच आहे. उंदरासारखे प्राणी बिया चावून मोडतात, पक्षी गिळतात आणि लांब कुठेतरी टाकतात, तिथे रोप उगवतं. तुमच्या कुंपणापाशी कोणी न लावता मिरचीचं झाड आलंय का बघ. आणि पिंजरा साफ केल्यावर डोळ्याला हात लावू नकोस, चॅनल त्याचा वेगळा आहे, तुझा नाही.